सात दरवाजे
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं ते 'माझं क्षेत्र' या विषयावर. सॉफ्टवेअरवर दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरचे परत झोपतील, म्हणून आपल्या जुन्या खेळाबद्दल बोलते.

आठवतंय का, गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि आपण सगळे त्यांच्या सोप्यावर दाटीवाटीनं बसायचो. सिनेमा कुठलाही असो, आपलं लक्ष नायकाच्या मागं. शालिनी पॅलेसचा मनोरा दिसला की "रंकाळा!" म्हणून ओरडायचं. तळ्यातला संध्यामठ दिसला तर पाणी किती खाली गेलंय त्यावरून महिना सांगायचा. भूगोलाच्या सरांनी त्यात भर घातली, "सावली बघा, म्हणजे वेळ कळंल."

तो नाद सुटला नाही. 2003 मध्ये 'गंगाजल' आला. गोष्ट बिहारची, पण घाट आपल्या वाईचा. 2010 च्या 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश म्हणून पुन्हा वाईच. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी फाकावं म्हणून. असं एक बांधकाम ओळखता आलं की बाकी पाट्या कितीही रंगवा, गाव लपत नाही. 'तुझ्यात जीव रंगला'मधला वाडा वसगड्याचा, हे तर आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं!

पण ऑगस्ट 2019 मध्ये हा खेळ राहिला नाही. मी पुण्यात होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, येता येईना. आई भोगावतीकाठी मामाकडं गेलेली. रात्री मामाचा फोन आला, "पोरी, राधानगरी फुटलंय म्हणं. टीव्हीवर दावाय लागल्यात." पाठोपाठ आपल्या ग्रुपवर तीच चित्रफीत.

मी ती थांबवून थांबवून बघितली. पहिल्यांदा दरवाजे मोजले. तेरा. आपल्या धरणाला स्वयंचलित दरवाजे सात; तळं भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. मग मागची जमीन बघितली. सपाट होती, झाडंही विरळ. आपल्याकडं दाजीपूरच्या बाजूचा डोंगर चौकटीतून बाहेर ठेवायचा म्हटलं तरी राहणार नाही. शिवाय धरणावर लख्ख ऊन आणि रेलिंगची ठसठशीत सावली. ऑगस्टात, त्या आठवड्यात, ऊन? तरी खात्रीसाठी राधानगरीतल्या आपल्या मैत्रिणीला उठवलं. ती म्हणाली, "धरण जाग्यावर हाय. दरवाजे तेवढे उघडल्यात."

मी मामाला फोन केला आणि म्हणाले, "मामा, ते खोटं आहे. आपलं धरण नव्हे." मग हिशेब सांगितला. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सातही उघडले तरी साधारण दहा हजार. पण पुढं कासारी, कुंभी, तुळशीचंही पाणी पंचगंगेला येतंय, तिचा फुगवटा मागं भोगावतीत चढणार, तेव्हा तुम्ही वरच्या आळीला जाच.

मामा म्हणाला, "खोटं हाय न्हवं? मग कशाला जायाचं?" आणि फोन ठेवला.

पहाटे गोठ्यात गुडघाभर पाणी होतं. पोरांनी म्हशी सोडवल्या, आईला खांद्यावरनं वर नेलं. सगळे वाचले, पण आईच्या ट्रंकेतले फोटो गेले. आपल्या दहावीचा सुद्धा. या अंकासाठी मी फोटो का दिला नाही, असं संपादकांनी दोनदा विचारलं, त्याचं कारण हे.

चित्र मी बरोबर ओळखलं होतं. चूक झाली ती सांगण्याच्या क्रमात. "खोटं आहे" हे आधी बोलले, त्यापुढचं मामानं ऐकलंच नाही. जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा चित्रफिती आल्या. तेव्हा पहिलं वाक्य, "आधी वर जा, मग बोलू." ते वर गेले. चित्रफितीचा विषय मग निघालाच नाही.

ते तेरा दरवाज्यांचं धरण कुठलं, हे मला अजून सापडलेलं नाही. गूगल अर्थवर कितीतरी रविवार घालवले. चित्रफीत फोनमध्ये आहे. जेवणानंतर मी त्या चिंचेखाली बसणार आहे, ज्यांची नजर अजून शाबूत आहे त्यांनी यावं. सर, तुम्हीसुद्धा. सावलीचं तुम्हीच सांगा.