सार्वजनिक बिनतारी संदेश आणि हौशी श्रोता



‘स्कॅनर’ म्हणजे अनेक वारंवारता एकामागून एक तपासून, जेथे संभाषण चालू असेल तेथे आपोआप थांबणारा रेडिओग्राही. त्यावरून ऐकता येते. बोलता येत नाही. अमेरिकेत पोलीस, अग्निशमन दल व रुग्णवाहिका यांचे संदेश अशा यंत्रावर ऐकण्याचा छंद अनेक दशकांचा आहे. तेथील ग्रामीण भागात पुष्कळ अग्निशमन दले स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. त्यामुळे वणवा कोणत्या दिशेने सरकत आहे, कोणता रस्ता बंद झाला, हे नागरिक घरबसल्या ऐकत आला आहे. वार्ताहरांनाही या यंत्राचा मोठा आधार असतो.

यंत्रणा बदलली

प्रारंभी प्रत्येक वारंवारतेसाठी यंत्रात वेगळा स्फटिक बसवावा लागे. पुढे आकडे दाबून वारंवारता साठविणारी यंत्रे आली. तथापि खरा बदल घडला तो संदेशच अंकीय झाल्यामुळे. ‘प्रोजेक्ट 25’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकाचे काम अमेरिकेत 1989 मध्ये सुरू झाले. त्यात आवाजाचे रूपांतर अंकांत होते. जुन्या ग्राहीवर हे संदेश लावले, तर केवळ खरखर ऐकू येते.

त्यातच ‘ट्रंकिंग’ पद्धतीची भर पडली. एस. टी. स्थानकावर गाडी रिकाम्या असलेल्या फलाटावर लागते आणि कोठे लागली हे ध्वनिक्षेपकावरून कळते, तसाच हा प्रकार होय. संभाषण रिकाम्या मार्गावर पाठविले जाते व त्याची सूचना नियंत्रण मार्गावरून प्रसृत होते. म्हणून हौशी श्रोत्याची पहिली गरज अशी, की यंत्राने ही सूचना वाचावी आणि निवडलेल्या गटाच्या संभाषणामागे अचूक जावे. या मानकाच्या दुसऱ्या टप्प्यात 12.5 किलोहर्ट्‌झच्या एकाच मार्गावर आळीपाळीने दोन संभाषणे चालतात. तीही यंत्रास उलगडता आली पाहिजेत.

स्पष्टता व सुलभता

दुसरी गरज स्पष्टतेची. मोठ्या क्षेत्रात अनेक मनोऱ्यांवरून एकच संदेश एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी सोडतात. गावाच्या दोन टोकांना एकाच कार्यक्रमाचे कर्णे लावले, की मध्ये उभ्या असलेल्या माणसाला शब्द लागत नाहीत. येथेही तसेच होते. लहरी किंचित मागेपुढे पोहोचतात व जवळ मनोरा असूनही महागडे यंत्र अडखळते. हा दोष लक्षात घेऊन 2018 मध्ये युनिडेन कंपनीने वेगळ्या रचनेचा ग्राही असलेले ‘एसडीएस 100’ हे यंत्र बाजारात आणले. खरेदीदाराने मार्गांची संख्या मोजण्याऐवजी आपल्या भागात कोणती पद्धत चालते, हे आधी विचारावे, हाच यातील बोध.

तिसरी गरज सुलभतेची. टपाल विभागाचा क्रमांक भरताच त्या परिसरातील सेवांची यादी समोर यावी, ती अद्ययावत करता यावी आणि कोण बोलत आहे हे पडद्यावर दिसावे. हवामानाचा इशाराही यंत्राने द्यावा. अमेरिकेचे हवामान रेडिओ केंद्र 162 मेगाहर्ट्‌झच्या आसपास सात वारंवारतांवर चालते. आपल्या जिल्ह्याचा संकेतांक भरून ठेवला, तर वादळाच्या वेळी तेवढ्याच जिल्ह्यासाठी यंत्र जागे होते.

ऐकण्याचा अधिकार व गोपनीयता

मात्र संदेश कूटबद्ध झाला, की कोणतेही स्कॅनर निरुपयोगी ठरते. शिकागो शहराने 2022 मध्ये पोलिसांचे संदेश कूटबद्ध करून ते नागरिकांना 30 मिनिटे उशिरा ऐकविण्याची पद्धत अवलंबिली. पोलिसांची सुरक्षितता आणि पीडितांची गोपनीयता ही कारणे रास्त आहेत. परंतु पूर किंवा आग यांच्या प्रसंगी अर्ध्या तासापूर्वीची वार्ता काय कामाची? सरसकट सर्व झाकण्यापेक्षा तपासाचे व रुग्णांचे संदेश गुप्त ठेवावेत आणि आग, पूर, रस्ते यांविषयीचे संदेश खुले ठेवावेत, असे मला वाटते.

आपल्याकडे परिस्थिती भिन्न आहे. 1933 च्या कायद्यापासून बिनतारी यंत्र बाळगण्यावर परवान्याचे बंधन आहे आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही अधिकृत परवानगीचे तत्त्व कायम ठेवले आहे. म्हणून केवळ बाजारात मिळते म्हणून असे यंत्र कोणी घेऊ नये. ज्या विद्यार्थ्यांना बिनतारी विद्येची गोडी आहे, त्यांच्यासाठी हौशी रेडिओची परीक्षा व परवाना हा राजमार्ग खुला आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानातून पहिले निरोप बाहेर पोहोचविण्यात परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी मोलाची कामगिरी केली, हे येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

आणि पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी : आपल्या ग्रामस्थाच्या हाती स्कॅनर नाही. नदी चढत असल्याचा निरोप तहसील कार्यालयात आला, तर तो वाडीवस्तीवर कोण, कोणत्या साधनाने व किती वेळात पोहोचविणार, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे.