गोळी लहान, काम मोठे



आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. "समजले नाही तर विचारा," असे मुलांना रोज सांगितले. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्हीच विचारले नाही. ती गोष्ट आज सांगतो.

आमच्या छातीत एकदा जोराची कळ आली. हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी तिथे जाळीची बारीक नळी बसवली. तिला स्टेंट म्हणतात. आपल्याकडे 'स्प्रिंग बसवली' म्हणतात. मग रोजच्या दोन गोळ्या दिल्या. एक अ‍ॅस्पिरिनची, अवघी ७५ मिलिग्रॅमची. दुसरी क्लोपिडोग्रेलची.

ह्या गोळ्या काय करतात? विळा लागला की बोटातून रक्त येते. थोड्या वेळाने ते थांबते. कारण रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. ते एकमेकांना चिकटतात आणि जखमेवर बांध घालतात. जखमेवर हा बांध हवाच. पण तो रक्तवाहिनीत पडला तर? पाटाचे पाणी अडावे तसे रक्त अडते. ह्या गोळ्या कणांना सहज चिकटू देत नाहीत. लोक म्हणतात, रक्त पातळ होते. खरे म्हणजे पातळ होत नाही, गुठळी लवकर होत नाही.

दोन महिन्यांनी आमची दाढ दुखू लागली. कुणी म्हणाले, "गोळ्या चालू असल्या तर रक्त थांबायचे नाही." आम्ही आपल्याच मनाने दोन्ही गोळ्या बंद केल्या. चार दिवसांनी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लगेच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "गुरुजी, नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जातो. थोडक्यात वाचलात!"

गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. पुढे त्या चालू ठेवूनच दाढ काढली. कापसाचा बोळा दाबून धरला. रक्त थांबले.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.

डॉक्टरांनी सांगितले तरच ही गोळी घ्या. शेजाऱ्याची घेऊ नका. मनाने बंद करू नका. एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन जेवल्यावर घ्या. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताप आला तर डॉक्टरांना ह्या गोळ्यांचे सांगा. डेंगी असेल तर धोका वाढतो.

शौचाला डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले, जखमेचे रक्त थांबेना, किंवा डोक्याला मार लागला, तर घरी बसू नका. दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

आता तुम्हाला लिहिता येते. आपल्या गोळ्यांची नावे कागदावर लिहा. तो कागद खिशात ठेवा. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी तो दाखवा.

आणि विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो आणि चार दिवस जीव टांगणीला लावला.