चांगलं रीळ पोरीच्या हातात: समुद्रावर गरवायला जाताना

मी गुरसरायहून बोलतोय. झाशी जिल्ह्यातलं हे गाव. एका अंगाला बेतवा, दुसऱ्या अंगाला धसान, आणि समुद्र म्हणाल तर तो नकाशातच. तरी आजचा विषय समुद्रावरचाच आहे: खाऱ्या पाण्यात गळ टाकायला रॉड आणि रीळ कसं निवडायचं, एक मोठ्या माणसासाठी आणि एक लहान पोरासाठी, आणि तेही खिशाला झेपेल असं.

आता समुद्र नसलेल्या गावातून हा विषय कशाला, असं वाटेल. त्याला कारण आहे. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावले, पुढे बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा पेशव्यांकडे आला, आणि त्याचा कारभार बघायला आले गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले. ते मूळचे रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. १७६० च्या डिसेंबरात, पानिपतच्या थोडं आधी, ते मारले गेले. पण त्यांच्यामागून इकडे आलेली मराठी माणसं राहिली ती राहिलीच. गुरसरायची जहागीरही मराठी घराण्याकडे होती, १८५७ साली इथे राजे केशवराव होते. तर आमच्यासारख्या घरांना कोकण म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा गणपतीपुळ्याचं दर्शन. नेवरे तिथून अगदी जवळ. दर्शन झालं की मोठी माणसं जेवून आडवी होतात आणि पोरं समुद्राकडे पळतात.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एरचला बेतवेच्या काठावर बंसी टाकायला ती सहाव्या वर्षापासून माझ्याबरोबर येते. बंसी म्हणजे आमच्याकडची बांबूची काठी, तंगूस आणि गळ. तिनं विचारलं, "बाबा, ही बंसी समुद्रात चालेल का?" चालत नाही. कारण लाट तंगूस परत काठावर आणून टाकते. शिसं लावून लांब फेकावं लागतं, आणि लांब फेकायचं म्हणजे रीळ आलं. खर्च सुरू होतो तो इथे.

बहुतेक घरांत ही खरेदी कशी होते ते मी पाहिलंय. बाप स्वतःसाठी बऱ्यापैकी सेट घेतो आणि पोराला रंगीत प्लास्टिकचा खेळण्यातला. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पैसे कमी असतील तर चांगलं रीळ पोराला द्या. मोठा माणूस अडकणाऱ्या रिळाशी जमवून घेतो, बोटानं दोरा आवरतो, थांबतो. पोराला ते येत नाही. त्याचा दोरा दोनदा गुंतला, हँडल तिसऱ्यांदा अडलं, की पोर रॉड वाळूत टाकून शिंपले वेचायला जातं. मग बाप एकटा गरवत बसतो, आणि पुढच्या वेळी "येतेस का" विचारलं तर "नको" येतं. शिवाय वाळूत पडणार, लाटेत भिजणार ते पोराचंच रीळ. म्हणजे जास्त मार खाणारी वस्तू तीच. ती मजबूत नको?

रीळ म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, म्हणजे दुकानदार काय सांगतोय ते कळेल. आपल्याला हवं ते स्पिनिंग रीळ. त्याची कल्पना इंग्लंडमधल्या कापडगिरणीच्या धंद्यातल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांची. १९०५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. गिरणीतली बॉबिन स्वतः न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटत जातं, तेच इथे. फेकताना चकरी स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून सुटतो. जुन्या तऱ्हेच्या फिरत्या चकरीच्या रिळात अंगठ्यानं वेग आवरावा लागतो, नाही आवरला तर दोऱ्याचं घरटं होतं. लहान हाताला म्हणून स्पिनिंगच. बटण दाबून फेकायची झाकणवाली रिळं मिळतात, ती पोरांना सोपी जातात हे खरं, पण त्यांच्या झाकणात खारं पाणी साचतं आणि आतलं काही दिसत नाही. तळ्यावर वापरा, समुद्रावर नको.

रिळावर आकडा असतो: १०००, २५००, ३०००, ४०००. हा मापाचा आकडा आहे, कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे. किनाऱ्यावरून साधारण मासे धरायला ३००० पुरे, पोरालाही आणि तुम्हालाही. मी मुद्दाम दोघांना एकाच मॉडेलची, एकाच मापाची रिळं घेतली. एकाची चकरी दुसऱ्यावर बसते, एकाचं हँडल दुसऱ्याला लागतं. गुरसरायमध्ये रिळाचे सुटे भाग कोण विकणार? दुसरं रीळ हाच माझा सुट्या भागांचा डबा.

डब्यावर "१३ बेअरिंग" असं ठळक लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. हलक्या लोखंडाची तेरा बेअरिंग म्हणजे गंजायला तेरा जागा. चार-पाच चांगली असली की भागतं. दुकानात रीळ हातात घेऊन तीन गोष्टी बघा. हँडल हळू फिरवा, खरखर नको. हँडल पुढेमागे हलवून बघा, ढिलेपणा नको. मग ती तारेची कमान, बेल म्हणतात तिला, तिच्या एका टोकाला छोटी चाकी असते, जिच्यावरून दोरा वळतो. ती चाकी दोरा ओढल्यावर फिरते का बघा. खाऱ्या पाण्यात बहुतेक आधी जाम होते ती हीच. चाकी फिरली नाही की दोरा घासतो, पिळ बसतो, आणि सगळे म्हणतात दोरा खराब. नावाजलेल्या कंपन्यांची स्वस्तातली रिळंही चालतात. शिमानो हे नाव तुम्ही पोरांच्या सायकलच्या गिअरवर वाचलं असेल, तीच जपानी कंपनी, १९२१ पासूनची. पण नाव मोठं म्हणून प्रत्येक मॉडेल खाऱ्या पाण्याचं नसतं, ते विचारून घ्या.

आता ड्रॅग. चकरीच्या डोक्यावरचं बटण फिरवलं की दोरा सुटायला किती जोर लागेल ते ठरतं. मोठा मासा ओढायला लागला की दोरा तुटण्याऐवजी सुटत जातो. दोरा जेवढ्या वजनाला तुटतो त्याच्या चौथ्या हिश्शावर ड्रॅग ठेवा. आठ किलोचा दोरा, तर दोन किलो. मोजायचं कसं? प्रवासाचं सामान तोलायचा लटकता काटा असतो ना, तो दोऱ्याला बांधायचा आणि ओढायचं. पोराच्या रिळावर मी आणखी ढिला ठेवतो, कारण तिथे प्रश्न दोऱ्याचा नाही, तिच्या मनगटाचा आहे.

दोऱ्याबद्दल थोडक्यात. विणलेला, ब्रेड म्हणतात तो दोरा बारीक आणि दणकट, पण महाग, आणि ताण आला की बोट कापतो. पोराच्या हातात साधा नायलॉनचा तंगूस द्या, ०.३५ मिलिमीटरच्या आसपास. तो थोडा ताणला जातो, म्हणून पोरानं हिसका मारला तरी सांभाळून घेतो.

रॉडवर मात्र मी फार पैसे घालत नाही. काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा रॉड जड असतो पण दाराच्या फटीत सापडला, पायाखाली आला तरी सहसा तगतो. कार्बनचा हलका, पण ठोकर लागली तर पुढच्या फेकीत मोडतो. त्यातून कार्बन वीजवाहक आहे. विजा चमकायला लागल्या किंवा डोक्यावर तारा असल्या तर तो हातात नको. पोराला साडेपाच ते सहा फूट, मोठ्याला आठ फूट. वाळूच्या किनाऱ्यावर मोठ्याला लांबी लागते, लाटेच्या पलीकडे फेकायला. पोराची परीक्षा दुकानातच घ्या: रीळ लावून रॉड आडवा धरायला सांगा आणि मनात साठ मोजा. त्याआधीच टोक खाली आलं तर तो रॉड त्याचा नाही. मुठीमागचा दांडाही बघा, तो कोपराच्या फार मागे गेला तर फेकताना पोटात रुततो. "वाढत्या अंगाचा" म्हणून मोठा रॉड घेऊ नका, तो न्याय शाळेच्या गणवेशाला ठीक.

रॉडवर ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं, १० ते ४०, ३० ते ८० असं. शिसं आणि आमिष मिळून त्या मर्यादेत बसलं पाहिजे. दोरा ज्या कड्यांतून जातो त्या कड्यांत कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर तिथे चीर आहे, तीच तुमचा दोरा कापणार. आणि इथून जाणाऱ्यांना एक सोय बघावी लागते. मंगला एक्सप्रेस झाशीहून थेट रत्नागिरीला नेते, पण एकसंध आठ फुटी रॉड घेऊन डब्यात शिरून दाखवा. दोन तुकड्यांचा घ्या, प्लंबरकडून पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणून त्यात घाला, बर्थवर मावतो. दुर्बिणीसारखे उघडणारे रॉड आणखी आटोपशीर, पण त्यांच्या सांध्यांत वाळू आणि मीठ बसलं की ते मिटतच नाहीत.

शिसं किती लागेल हे समुद्र ठरवतो, आणि समुद्र कधी कसा असेल हे पंचांग सांगतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी. मग पोराला घेऊन जायचं कधी? अष्टमीच्या दिवसांत. ओढ कमी म्हणून वीस-तीस ग्रॅमचं शिसं टिकतं, शिसं हलकं म्हणून हलका, स्वस्त रॉड चालतो, वेळही उन्हाची नाही. उधाणाच्या दिवशी त्याच जागी दुप्पट शिसं लागेल आणि पोराचा रॉड निरुपयोगी ठरेल. पंचांग घरात असतंच, हा हिशेब फुकट आहे.

जागेचं सांगतो. नेवऱ्याला वाळू आहे, पोरासाठी वाळूच. कातळावर मासे जास्त, तांबोशी, हेकरू तिथेच, पण ओला कातळ आणि मागून येणारी लाट यांच्यामध्ये पोर उभं करू नये. वाळूवर मुडदुशी लागते, छोटी पण चपळ, नऊ वर्षांच्या हाताला रॉड थरथरवायला पुरेशी. शेंगटी लागली तर हात लावू देऊ नका. आपल्याकडच्या टेंगऱ्यासारखेच तिला काटे, आणि ते विषारी. पक्कड जवळ ठेवा. त्याच पक्कडीनं घरूनच गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. एखादा मासा निसटेल, पण गळ बोटात गेला तर डॉक्टरकडे न जाता निघेल. दोघांच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. आणि पावसाळ्यात जाऊच नका. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरच्या गळाला तो नियम नाही, पण समुद्र तोच आहे.

आता मीठ. नदीवरचं रीळ आपण पुसून ठेवतो आणि विसरतो. समुद्रावरून आलेलं रीळ नुसतं वाळवून चालत नाही, कारण वाळलेलं मीठ हवेतली ओल परत ओढतं. बुंदेलखंडाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते गप्प बसतं आणि आषाढात जागं होतं. तेव्हा धुणं रत्नागिरीतच, गाडीत बसण्याआधी. ड्रॅग घट्ट करा म्हणजे आत पाणी जाणार नाही, आणि गोड्या पाण्याची संथ धार सोडा. पाइपाचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. रीळ बादलीत बुडवूही नका. फडक्यानं पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण ढिला करा, नाहीतर आतल्या चकत्या चिकटतात. त्या चाकीवर आणि हँडलच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. हे काम मुलीकडे आहे. ती माझंही रीळ धुते, आणि माझं धुताना जरा घाई करते.

हिशेब सांगतो. दोघांचे मिळून मी सहा हजार धरले होते. दोन रिळं अठराशेची, म्हणजे छत्तीसशे. तिचा रॉड नऊशे, माझा फायबरचा सातशे. तंगूस तीनशे, गळ-शिसं तीनशे, पाइप आणि काटा मिळून दोनशे. भाव तुमच्याकडे वेगळे असतील. निम्म्याहून जास्त पैसे रिळात गेलेत एवढं बघा. आणि तीनच हजार असतील तर? मग एकच रीळ आणि एकच छोटा रॉड, दोन्ही पोराचे. उरलेल्या तीनशेत तंगूस, गळ आणि शिसं. तुम्ही प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळा, टोकाला शिसं आणि गळ, आणि हातानं गरवा. कोकणात कित्येक जण असंच गरवतात आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त मासे लागतात. शिसं मात्र दोन-चार जास्तीचं घ्या, ते पाण्यात राहतंच.