पाणबुडी वर येते ती कशाच्या बळावर?



मुंबईच्या ईशान्य टोकाला, ठाण्याच्या अलीकडे, मुलुंड नावाचे उपनगर आहे. तिथल्या फलाटाला लोकल लागली की डब्याखालून 'फुस्स' असा आवाज येतो. हा आवाज दाबून भरलेल्या हवेचा. गाडीचे ब्रेक या हवेवर चालतात. मग डब्याखाली कॉम्प्रेसर घरघरू लागतो आणि खर्च झालेली हवा टाकीत पुन्हा भरून ठेवतो.

त्याच गाडीने निघावे, कुर्ल्याला हार्बर मार्गाची गाडी धरावी आणि डॉकयार्ड रोडला उतरावे. तिथून जवळच माझगाव डॉक ही गोदी आहे. या गोदीत बांधलेली पहिली पाणबुडी 'शाल्की' १९९२ साली नौदलात दाखल झाली. पुढे २०१७ ते २०२५ या काळात कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वागशीर अशा आणखी सहा तिथूनच नौदलात गेल्या. यांतले खांदेरी हे नाव आपल्या ओळखीचे आहे. अलिबागजवळ थळच्या समोर, भर समुद्रातल्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली जो किल्ला उभारायला घेतला, त्याचेच हे नाव.

या पाणबुड्यांतही दाबलेली हवा असते. लोकलमधली हवा गाडी थांबवते. पाणबुडीतली हवा पाणबुडीला पाण्याबाहेर काढते. ते कसे, हे आज पाहू.

पाणबुडी बुडते कशी, हे समजायला विहिरीवर जायला हवे. रिकामी घागर तोंड खाली करून पाण्यात दाबा. ती आत जायला तयार होत नाही, कारण आतली हवा पाण्याला वाट देत नाही. तीच घागर जरा कलती करा. बुडबुड आवाज करीत हवा बाहेर पडते, पाणी आत शिरते आणि घागर तळाला जाते. पाणबुडीच्या अंगाला अशाच मोठमोठ्या टाक्या असतात. त्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. त्यांना खालून भोके आणि वरून झडपा. वरच्या झडपा उघडल्या की हवा निघून जाते, खालून समुद्राचे पाणी भरते आणि पाणबुडी बुडी मारते. घागर कलती करावी लागते, इथे झडप उघडली की झाले.

कलवरी जातीची पाणबुडी ६७.५ मीटर लांब आहे. पाण्यावर तरंगताना तिचे वजन सुमारे १,६०० टन भरते आणि बुडी मारल्यावर १,७५० टनांच्या पुढे जाते. म्हणजे दीडशे टनांहून जास्त पाणी ती पोटात घेते. वर यायचे तर हे पाणी पुन्हा बाहेर घालवले पाहिजे. झडपा बंद करायच्या आणि दाबलेली हवा टाकीत सोडायची. ती हवा पाण्याला खालच्या भोकांतून बाहेर रेटते आणि पाणबुडी हलकी होऊन वर येऊ लागते.

कुणी म्हणेल, "हवा भरून नेतात ती श्वासासाठीच ना?" नाही, तिचे मुख्य काम ते नव्हे. माणसे श्वास घेतात तो पाणबुडीच्या आतल्या मोकळ्या हवेत, आणि तिच्यातला प्राणवायू टिकवण्याची सोय वेगळी असते. दाबलेली हवा पोलादी बाटल्यांत कोंडलेली असते. रेल्वेच्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो दाब असतो. पाणबुडीच्या बाटल्यांत तो २०० किलोच्याही वर जातो. या बाटल्या भरायच्या त्या वर असताना, किंवा हवा घेण्याची नळी पाण्याबाहेर काढता येईल इतपत उथळ पाण्यात. खोल पाण्यात नवी हवा आणायची कुठून? आपण सुगीत पेव भरून ठेवतो, आषाढात ते उघडतो. इथेही तसेच. जवळ असेल तेवढ्यावरच भागवायचे.

आता शिक्षकांनी खडू हातात घेण्याजोगी गोष्ट. पाण्यात दर १० मीटर खोलीला वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढतो. १०० मीटरवर तो वरच्यापेक्षा ११ पट होतो. २०० पट दाबाने भरलेली १ लिटर हवा पृष्ठभागावर मोकळी सोडली तर सुमारे २०० लिटर जागा व्यापते. तीच १०० मीटर खोल सोडली तर २०० भागिले ११, म्हणजे जेमतेम १८ लिटर! बाटली तीच, हवा तीच, पण खोल पाण्यात तिचे बळ अकरावा हिस्सा उरते. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच शिल्लक तोकडी पडते. निसर्गाची एक मेहरबानी मात्र आहे. पाणबुडी थोडी वर आली की बाहेरचा दाब घटतो, टाकीतली हवा आपोआप फुगते आणि आणखी पाणी बाहेर ढकलते. म्हणून सुरुवातीचा रेटा वेळेवर मिळणे महत्त्वाचे.

हा रेटा चुकला तर काय होते? सायकलचा पंप मारताना खालचे टोक तापते, हे आपण पाहिले आहे. हवा दाबली की तापते आणि एकदम सुटली की गार पडते. १० एप्रिल १९६३ रोजी 'थ्रेशर' ही अमेरिकेची पाणबुडी अटलांटिक महासागरात खोल बुडीची चाचणी घेत होती. आत पाणी शिरले आणि तिची अणुभट्टी बंद पडली असावी, असा चौकशीचा कयास आहे. खलाशांनी टाक्यांत हवा सोडली, पण पाणबुडी वर आली नाही. आतली १२९ माणसे गेली. पुढे तिच्याच जातीच्या 'टिनोसा' पाणबुडीवर धक्क्याला बांधून चाचणी घेतली, तेव्हा कारण दिसले. बाटलीतल्या हवेत ओलावा होता. हवा जोराने सुटताना इतकी गार पडली की त्या ओलाव्याचे बर्फ झाले आणि नळीतल्या गाळणीच्या जाळीवर बसले. काही सेकंदांत वाट बंद! हवा होती, पण पोचली नाही. त्यानंतर हवा कोरडी करण्याची आणि संकटात टाक्या झटपट रिकाम्या करण्याची व्यवस्था सुधारली गेली. धान्य दमट ठेवून पेवात भरले तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. साठा पुरेसा हवा आणि कोरडाही हवा.

शाळेत हे सगळे एका बाटलीत दाखवता येते. प्लास्टिकच्या बाटलीला एका कुशीवर तीन-चार भोके पाडा आणि त्याच कुशीला दोऱ्याने दगड बांधा. तोंडात रबरी नळी घालून फट मेणाने बुजवा. भोके खाली येतील अशी बाटली हौदात सोडा. नळी मोकळी असेल तर पाणी भरून ती बुडेल. नळीतून फुंका, पाणी बाहेर पडेल आणि बाटली वर येईल. मग मुलांना विचारा, "नळी लांब करून हीच बाटली विहिरीत दोन पुरुष खोल सोडली, तर फुंकून वर येईल का?" काही मुले हो म्हणतील. त्यांना कारण शोधू द्या, उत्तर लगेच सांगू नका.

आपल्या नौदलातली पहिली पाणबुडी, तिचेही नाव कलवरीच, ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात दाखल झाली. त्यामुळे ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन पाळतात. त्या दिवशी वर्गात हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. कलवरी जातीच्या एका पाणबुडीत चाळीसच्या वर माणसे असतात. त्यांच्या परतीची वाट या हवेतूनच जाते, हे मुलांना त्या बाटलीवरून नीट समजेल.