दोन तारखांमधला प्रकाश

बीटल्सचा जॉन लेनन 9 ऑक्टोबर 1940 रोजी लिव्हरपूलमध्ये जन्मला आणि 8 डिसेंबर 1980 च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये, राहत्या इमारतीच्या दारात, गोळ्या झाडून त्याचा खून झाला. वय अवघं चाळीस.

या दोन तारखा आइसलँडमध्ये एका प्रकाशझोतानं जोडल्या आहेत. राजधानी रेक्याविकजवळच्या विडे बेटावर योको ओनो, म्हणजे जॉनची पत्नी, हिच्या कल्पनेतून उभं राहिलेलं हे स्मारक 2007 मध्ये प्रथम उजळलं. दरवर्षी जन्मदिनी झोत सुरू होतो आणि स्मृतिदिनापर्यंत रोज अंधार पडल्यावर आकाशात झेपावतो. त्यासाठीची वीज भूगर्भातल्या उष्णतेपासून मिळते. पायथ्याच्या दगडांवर शांततेचा संदेश 24 भाषांत कोरला आहे. पुतळ्यापेक्षा मला हे स्मारक फार मोलाचं वाटतं, कारण त्यात जॉनचा चेहराच नाही, आहे ती त्याची इच्छा.

मुलगा शॉनही 9 ऑक्टोबरचाच, 1975 चा. त्यामुळे त्या घरात हा दिवस दोघांचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, जॉनच्या घरासमोरच, ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ ही जागा त्याच्या नावे राखली आहे. तिथं दोन्ही तारखांना चाहते फुलं आणि गिटार घेऊन जमतात, आणि तासन्‌तास त्याची गाणी गातात.