वहीत दुधाशेजारी गोचीडही लिहा



वसई-विरारकडच्या गोठ्यांतून आम्ही फिरतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एकच दावण, एकच पेंढा, एकच पाणी. पण एका गाईचे कान आणि कास गोचिडांनी भरलेली, शेजारणीच्या अंगावर मोजून पाच-दहा. आपण म्हणतो, जिचं तिचं नशीब. हे नशीब नाही, बरंचसं रक्त आहे.

गोचीड चावताना लाळ सोडतात. काही जनावरांची कातडी ती लाळ पटकन ओळखते. तिथं सूज येते, खाज सुटते, जनावर चाटून गोचीड काढून टाकतं. उरलेल्यांना पोटभर रक्त मिळत नाही. ज्या गाईचं अंग असं जागं होत नाही, तिच्या अंगावरची मादी तीन आठवड्यांत फुगून खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे एक गाय सगळ्या गोठ्याला गोचीड पुरवते.

ही ताकद आईबापांकडून येते. वशिंडाच्या देशी जातींत ती जास्त, होल्स्टीन-जर्सीत कमी. पण एकाच जातीतही गाईगाईत फरक असतो. गोचिडांमुळे होणारा थायलेरियाचा तापही संकरित गाईलाच जास्त लोळवतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडनं हे हेरलं. १९६०च्या दशकापासून त्यांनी पंजाबकडचं साहिवाल रक्त होल्स्टीनमध्ये मिसळलं, दूध आणि गोचीड दोन्ही मोजून जनावरं निवडली आणि दुधाची नवी जात उभी केली. आपल्या जव्हार-मोखाड्याकडे डांगी आहे, २०१८ साली नोंदलेली कोकण कपिला आहे. आणि आपण? रेतमात्रा घेताना फक्त दूध विचारतो.

संकरित गाय विका, असं आम्ही सांगत नाही. तिच्या दुधावर घर चालतं. देशी गाईला गोचीड लागतच नाहीत, असंही नाही. आमचं म्हणणं एवढंच:

एक, दर पंधरवड्याला प्रत्येक जनावराच्या एका बाजूचे फुगलेले गोचीड मोजा, वहीत लिहा.

दोन, तेच औषध वर्षानुवर्षं मारू नका. गोचीड त्याला सरावतात. डॉक्टरांना विचारून बदला.

तीन, सतत भरलेल्या गाईची कालवड पैदाशीला ठेवताना दहादा विचार करा. वळूच्या दुधाच्या नोंदीबरोबर गोचिडांचीही नोंद सरकारकडे मागा.

औषधाचा खर्च आपला, आटलेलं दूध आपलं, मेलेली गाय आपली. मग पैदाशीचा निर्णयही आपल्याच हातात हवा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या.