लोखंडी सायकलीची बाजू

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. समोर जेवणानंतरची मंडळी बसली आहेत, काहींचे डोळे आत्ताच मिटायला लागलेत, त्यामुळे मी दहा मिनिटांत आटोपायचा प्रयत्न करतो. मी लातूरच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. तुम्ही मला आता लातूरकर म्हणता. म्हणा. आयुक्तालय नांदेडला असावं की लातूरला, हा वाद मी इथे काढणार नाही, नाहीतर संध्याकाळचा चहा मिळायचा नाही.

विषय आपल्या वर्गनिधीचा आहे. दोन लाख दहा हजार रुपये जमले आहेत. ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे आणि दोन सूचना उरल्या आहेत. पहिली सूचना अशी, की शाळेतली नववीतली एक मुलगी सायकल शर्यतीत चांगली चमकते आहे, तिच्यासाठी शाळेला कार्बन फायबरची एक रेसिंग सायकल घेऊन द्यावी. दुसरी सूचना, लिंबगाव, विष्णुपुरी, धनेगाव या बाजूंनी चालत किंवा मिळेल त्या ऑटोने येणाऱ्या मुलींना साध्या सायकली द्याव्यात. मुख्याध्यापक बाईंनी अशा मुलींची यादी केली आहे. त्यात तीस नावं आहेत. आज संध्याकाळी हात वर करून निर्णय व्हायचा आहे. मी दुसऱ्या सूचनेच्या बाजूने बोलायला उभा आहे, पण पहिलीला नावं ठेवून बोलणार नाही. कार्बनची सायकल ही अप्रतिम वस्तू आहे, हे मी लोखंडवाला असूनही सांगतो.

आधी ती वस्तू काय आहे ते पाहू. कार्बनचा एक तंतू पाच-सात मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपल्या डोक्यावर जे काही केस उरलेत त्यांच्यापेक्षा कितीतरी बारीक. अशा हजारो तंतूंचं कापड विणायचं किंवा पट्ट्या करायच्या, त्यांना राळेत, म्हणजे इपॉक्सीत भिजवायचं, साच्यात थरावर थर लावायचे आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करायचं. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, तर या मालाची साधारण दीड पट. शिवाय जिथे जोर येणार तिथे तंतू त्या दिशेने लावता येतात. त्यामुळे पायडलखाली फ्रेम ताठ राहते आणि वजन मात्र किलोभर. वर्षानुवर्षं हादरे खाऊन धातू जसा थकतो, तसा कार्बन सहसा थकत नाही. घाटात शर्यत असेल तर मी डोळे मिटून कार्बन घेईन.

आता आपली लोखंडी सायकल. आपण लोखंड म्हणतो, खरं म्हणजे ते पोलाद. आपल्या काळी रॅले, हर्क्युलस, ॲटलस, हिरो, ॲव्हॉन ही नावं घराघरांत होती. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल. वजन वीस-बावीस किलो. नळ्या जाड, कारण पोलाद साधं. पण पोलाद म्हणजे जडच, असं नसतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला रेनॉल्ड्स नावाचा मूळचा खिळे बनवणारा कारखाना होता. त्यांनी १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. जोड जिथे येतो तिथेच जास्त माल, मध्ये कमी. १९३५ साली त्यांनी मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या '५३१' नावाच्या नळ्या काढल्या आणि पुढची कित्येक दशकं टूर द फ्रान्समधले स्वार अशाच नळ्यांवर धावले. १९९४ साली मिगेल इंदुराइनने ती शर्यत जिंकली तीही पोलादी सायकलवर. चांगल्या पोलादाची नुसती फ्रेम पावणेदोन-दोन किलोची होते. म्हणजे कार्बनशी फरक किलोभराचा. पाण्याची एक भरलेली बाटली जवळपास तेवढीच भरते. आपल्या सायकलीचं बाकीचं वजन रिम, मडगार्ड, स्टँड आणि कॅरिअरचं असतं, आणि ते आपण मुद्दाम बाळगतो, कारण आपल्याला कॅरिअर लागतं.

कॅरिअर कशाला लागतं, हे लातूरच्या माणसाला विचारू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, हे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. टीव्हीने रेल्वे दाखवली. पण टँकरपासून घरापर्यंत ते पाणी कशावर गेलं? माझ्या गल्लीत तरी सायकलवर गेलं. हँडलला दोन घागरी, कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन कॅन. साठ किलो पाणी लादलेली सायकल बाई हाताने ढकलत नेते आहे, मागे तिचं लेकरू कॅन धरून चाललं आहे. तो सबंध उन्हाळा मी हे दारात उभा राहून पाहिलं. हलक्या रेसिंग फ्रेमला कॅरिअर लावायला साधी भोकंही नसतात. ती त्या कामासाठी बनलेलीच नाही, तिचा त्यात दोष नाही. पण आपल्या यादीतल्या तीस मुलींच्या घरी सायकल आली, तर ती फक्त शाळेत जाणार नाही. ती पाणी आणेल, दळण नेईल आणि मागे धाकट्या भावाला बसवेल.

दुसरी गोष्ट मोडण्याची. पोलाद मोडण्याआधी वाकतं. चिमटा वाकला की सायकल एका बाजूला ओढू लागते. जोडाला चीर पडली की रंगाला तडा जातो, किरकिर आवाज येतो. माणूस उतरून पाहतो आणि दुकान गाठतो. त्यात आणखी एक गुण आहे. त्याच्यावर येणारा जोर एका ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर कितीही हादरे बसोत, पोलाद जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनिअमला अशी मर्यादा नाही, ते थोडं थोडं खर्ची पडतच राहतं. कार्बनचं वेगळं आहे. त्याला आडवा टोला बसला तर आतले थर सुटू शकतात आणि वरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी ते इशारा न देता तुटतं.

इशारा न देता म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंत वाकली नाही, लवली नाही, एकदम बसली. पुनर्वसनाची घरं बांधताना भिंतींत जे आडवे भूकंपरोधक पट्टे घातले, त्यांच्यात सळई घातली ती याचसाठी, की मोडायची वेळ आलीच तर घराने आधी लवावं आणि माणसाला बाहेर पडायला चार क्षण मिळावेत. सायकल आणि घर यांची बरोबरी मी करत नाही. पण लोखंडाचा हा स्वभाव मी तेव्हापासून फार मानतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट दुरुस्तीची. आपला डॉक्टर मित्र पुढच्याच रांगेत बसला आहे. त्याच्या परवानगीने सांगतो. हा गडी लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंत सायकल हाणतो. मागच्या वर्षी चाकूरजवळ कुत्रं आडवं आलं, गडी पडला. गुडघा आठ दिवसांत बरा झाला. सायकलच्या वरच्या नळीला मात्र बोटभर चीर गेली होती. कार्बन दुरुस्त होतो, नाही असं नाही. पण चीर आत कुठवर गेली ते तपासायला, खराब थर घासून काढायला आणि नवे लावायला जाणता माणूस लागतो. तो लातुरातही नव्हता आणि नांदेडातही नव्हता. सायकल खोक्यात बांधून मोठ्या शहरात पाठवली आणि ती तीन महिन्यांनी आली. डॉक्टरचं काही अडलं नाही, त्याच्याकडे गाडी आहे. तीन महिने सायकल नसलेली आठवीतली मुलगी मात्र घरी बसते, आणि एकदा बसली की पुन्हा उठतेच असं नाही.

उलट बाहेर अंगणात लिंबाखाली उभी असलेली सायकल बघा. ती आपल्या पी.टी.च्या सरांची. आपण पाचवीत आलो तेव्हाही सर तिच्यावरच यायचे. सर, मी सकाळी तिची तपासणी करून आलो. चिमटा बदललेला आहे. मागचं चाक बदललेलं. कॅरिअर तिसरं असावं. सीटखालच्या जोडाला गॅस वेल्डिंगने पितळेचा टाका मारलेला आहे आणि तो इतका सुबक आहे, की मारणाऱ्याचा हात धरावासा वाटला. असा टाका मारणारे हात आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. गुरुद्वारा परिसरात कृपाणी घडवणारे शिकलगार आहेत, गावोगाव पाल ठोकून विळे-कोयते करणारे घिसाडी आहेत, नाक्यानाक्यावर ट्रॉल्या जोडणारे वेल्डर आहेत. लोखंड कसं तापतं आणि कसं वळतं, हे इथल्या माणसाला शाळेत जाण्याआधी कळतं.

आणि सुटे भाग? ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिन होता. पण त्या सायकली बंद पडल्या नाहीत, कारण काळ्या सायकलींची मापं बहुतेक सारखीच. ॲटलसला हिरोचा एक्सल बसतो, हर्क्युलसला कुठलेही छर्रे चालतात. कार्बनच्या फ्रेमला मात्र बहुधा ज्या त्या कंपनीची सीटची नळी, ज्या त्या कंपनीचा हँगर लागतो. तिचे बोल्टसुद्धा मोजून आवळायचे, पाच-सहा न्यूटन-मीटर, त्यासाठी वेगळा पाना घ्यायचा. आपला मिस्त्री पाना हातात घेतो आणि दातओठ खाऊन आवळतो. कार्बनला तो हात चालायचा नाही.

शेवटी सायकल पार संपली तरी पोलाद संपत नाही. भंगारवाला तिला नेतो. आपल्या मराठवाड्यातलं बरंच भंगार जालन्याच्या भट्ट्यांत जातं आणि सळई होऊन परत येतं. एखाद्याच्या आजोबांची सायकल आज नातवाच्या स्लॅबमध्ये असेल. कार्बनची फ्रेम अशी वितळवता येत नाही.

आता शर्यतवाल्यांचा प्रश्न. ते म्हणतील, मग त्या नववीतल्या पोरीने काय करायचं? प्रश्न रास्त आहे. जपानमध्ये १९४८ पासून कैरिन नावाची शर्यत चालते. तिथे पुरुषांच्या शर्यतीत आजही पोलादी फ्रेमच लागते, तीही मान्यता मिळालेल्या कारागिरांनी बनवलेली. कारण असं, की तिथे लोक स्वारांवर पैसे लावतात, म्हणून जिंकावं ते स्वाराच्या पायांनी, त्याच्या सायकलीच्या किमतीने नव्हे. आपल्याकडच्या शर्यतींना तसा नियम नाही, हे मला मान्य आहे. त्या पोरीला राज्यपातळीवर चांगली सायकल लागेल. त्यासाठी मी वेगळा, माझ्या खिशातून पहिला हप्ता टाकतो, आणि डॉक्टरने आत्ताच मान हलवली आहे ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली. पण वर्गनिधी एकीसाठी की तिघींसाठी की तिसांसाठी, हा हिशेब मला सोपा वाटतो.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिलं, तेव्हा माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. शाळा ज्या गावांपासून लांब होती तिथे जास्त. मास्तर तेच होते, इमारत तीच होती, पुस्तकं तीच होती. मुली साध्या लोखंडी सायकलवर बसल्या आणि शाळेत आल्या.

म्हणून माझी सूचना आकड्यांत मांडतो. साडेसहा हजाराला एक याप्रमाणे तीस सायकली, एक लाख पंच्याण्णव हजार. उरलेल्या पंधरा हजारांत शाळेच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचा कोपरा : पान्यांचे दोन संच, पंप, पंक्चरचं सामान, चेन, ब्रेकचे रबर, छर्रे, ग्रीस. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी लातूरहून येईन आणि मुलींनाच शिकवीन. पंक्चर काढणं, चेन बसवणं, चाकाचा आउट काढणं. सायकल तिची असेल तर पानाही तिच्याच हातात असला पाहिजे. वेल्डिंगचं काम निघालं तर मी आहे, आणि माझ्यानंतर नाक्यावरचा वेल्डर आहेच.

एकच विनंती आणखी. सायकलींवर आपल्या तुकडीचं नाव रंगवू नका. मुलगी ती चालवत गावात शिरेल तेव्हा ती तिची सायकल दिसावी, कुणी दिलेली दिसू नये. नाव घालायचंच असेल तर दुरुस्तीच्या खोलीच्या दारावर घाला.

सर, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. चहाच्या सुट्टीत भरून देतो. बाकीच्यांनी संध्याकाळी हात वर करायला विसरू नये.